पायाखालचा खडा

दादा माती तुडवायला लागला की अख्ख्या गल्लीला कळायचं. धप्प-चक, धप्प-चक. डावा पाय जड, उजवा हलका. समोरची शिंपीण त्या ठेक्यावर मशीन मारायची आणि म्हणायची, "हा माणूस मधेच थांबला की माझी शिवण वाकडी जाते."

धाकटा भाऊ दादा म्हणायचा म्हणून सगळी गल्ली दादा म्हणायची, आणि त्याच नात्याने दादाची बायको सगळ्यांची वहिनी. कुंभाराचं घर. दादा माती तुडवायचा आणि चाक फिरवायचा. वहिनी ओली मडकी लाकडी चोपण्याने ठोकून त्यांना पोट आणायची, भाजून निघाली की टिचकी मारून पारखायची. धाकटा टेम्पोत पेंढा पसरून माल बाजाराला न्यायचा. तिघांचं तिघांपुरतं बरं चाललं होतं.

आता तुडवणं म्हणजे नुसतं नाचणं नव्हे. तिथली माती चुनखडीची. वाटाण्याएवढा एक खडा आत राहिला तरी मडकं भट्टीतून धडधाकट निघतं, आणि मग हवेतली ओल पिऊन तो खडा फुगतो आणि मडक्याच्या पोटाचा टवका उडवतो. तो खडा डोळ्याला दिसत नाही. पायालाच कळतो. दादा डोळे मिटून तुडवायचा. मधेच थांबायचा, अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात खडा धरून वर काढायचा आणि मागे न बघता भिंतीवर भिरकवायचा. "माझ्या पायाला डोळे आहेत," म्हणायचा. त्या घरात बाईने मातीत पाय घालायचा नाही हे त्याच्या बापापासून ठरलेलं. का, ते बापालाही माहीत नसावं.

गेल्या वर्षी मडकी फुटायला लागली. धाकटा अर्धा टेम्पो परत घेऊन आला. "दादा, गिऱ्हाईक म्हणतंय तुमच्या मडक्यांना देवी आल्यात."

दादाने मातीला शिव्या घातल्या, लाकडाला घातल्या, धाकट्याच्या गाडी चालवण्याला घातल्या. वहिनीला कारण माहीत होतं. तिने बघितलं होतं. दादा तुडवताना एका खापरावर सरळ उभा राहिला होता, चांगली धार असलेल्या खापरावर, आणि शिंपिणीशी हसत गप्पा मारत होता. रक्तात साखर निघाल्याला बरीच वर्षं झालेली. गोळ्या तो डॉक्टरच्या नाही, आपल्या मर्जीने घ्यायचा. पायाचे डोळे गेले होते आणि मालकाला पत्ता नव्हता.

सांगायचं कसं? दादाच्या नाकावर माशी बसलेली चालायची नाही. मग वहिनीने आपल्यापरीने मार्ग काढला. दुपारी दादा आडवा झाला की ती तुडवलेल्या ढिगाशी बसायची, मूठ मूठ माती बोटांतून काढायची, सापडलेले खडे एका डब्यात टाकायची आणि ढीग होता तसा लिंपून ठेवायची. मडकी पुन्हा खणखणीत वाजायला लागली.

"बघितलंस?" दादा म्हणाला. "पाय कधी खोटं बोलत नाही."

"नाही बोलत," वहिनी म्हणाली, आणि डबा पेटीमागे सरकवला.

यंदा हंगाम उलटाच लागला. ऐन उन्हाळ्यात ढग यायला लागले. रोज दुपारी आभाळ भरायचं, घाबरवायचं आणि जायचं. कच्च्या मडक्यांवर पाणी पडलं की संपलं, चिखलाचा चिखल. तेव्हा भट्टी लवकर रचून लवकर पेटवायची म्हणून तिघंही घाण्याला जुंपल्यासारखे राबत होते. त्या धांदलीत दादाच्या डाव्या तळव्याला खापर लागलं. लागलेलं त्याला कळलं नाही. वहिनीला मातीत लाल रेघ दिसली.

"बघू पाय," ती म्हणाली.

"बघायला काय लग्नाचा आहे?" दादाने ओल्या मातीचा गोळा घेतला, जखमेवर थापला, वर घोट्यापर्यंत लिंपून टाकला. भाजलं, चावलं, कापलं, या घरात औषध एकच. बापाने लावली, आज्याने लावली. "माती आग ओढून घेते. तू तुझी मडकी ठोक."

माती वाळली. दादा पायात मातीचा मोजा घालून भट्टी रचत राहिला. ओली माती वाळलेल्यावर आणखी चढवत राहिला. बाहेरून बघणाऱ्याला पाय झक्क दिसत होता.

मग शेडमध्ये वास सुटला.

"उंदीर मेलाय पेंढ्यात," धाकटा म्हणाला. सकाळभर त्याने आणि वहिनीने सगळा पेंढा उपसला. उंदीर नव्हता. दादा भट्टीच्या कडेला बसून मडकी वर देत होता. उन्हातही त्याला हुडहुडी भरली होती. ओठ कोरडे, डोळे चढलेले, आणि एकाच मडक्याला तो तिसऱ्यांदा बूड लावायला सांगत होता. वहिनी जवळ गेली तसा वास वाढला. तिने खाली बघितलं. पायावरची माती तडकली होती.

वाळलेली माती आकसते आणि तडकते, हे तिला पोरवयापासून माहीत. पण आकसून गेलेली चीर बारीक असते. ही चीर आतून रेटा आल्यासारखी उघडली होती. मातीच्या वर नडगी लाल, तकतकीत, फुगलेली.

तिने चोपणं उचललं आणि मातीच्या मोज्यावर हलकं मारलं. बद्द आवाज आला. दुसऱ्या ठोक्याला तुकडा निघाला, आणि त्याच्याबरोबर कातडीचा पापुद्रा. आत पाऊल वांग्यासारखं जांभळं-काळं पडलेलं. घोट्याजवळ काळ्या पाण्याने भरलेले फोड. जखमेतून भांडी धुतलेल्या पाण्यासारखं काहीतरी पाझरत होतं. धाकटा तोंडावर हात धरून बाजूला पळाला.

"दुखतंय?"

"छे," दादा म्हणाला.

तिने वर, नडगीवर बोटं टेकवली. कातडीखाली करकर झालं, जणू आत वाळका पेंढा भरलाय. आणि दादा असा ओरडला की समोर मशीन थांबलं.

"भावजी, टेम्पो काढा," वहिनी म्हणाली.

"आधी भट्टी," दादा दात चावत म्हणाला. "वर बघ. आज नाही पेटली तर सगळा हंगाम चिखलात जाईल."

धाकट्याने आभाळाकडे बघितलं. ढग खरंच खाली उतरले होते. "वहिनी, पेटवून निघू ना. एकदा धुमसायला लागली की शिंपिणीला लक्ष ठेवायला सांगून..."

"आग धरली का नाही हे बघितल्याशिवाय मी हलणार नाही," दादा म्हणाला. "दवाखाना कुठे पळून जात नाही."

वहिनीने माती कालवायला भरून ठेवलेली बादली उचलली आणि भट्टीच्या तोंडात रचलेल्या काटक्यांवर, पेंढ्यावर, सुक्या गोवऱ्यांवर उपडी केली. मग दुसरी बादली. पाणी भट्टीच्या तोंडातून परत बाहेर आलं.



"आता पेटत नाही," ती म्हणाली. "बसा टेम्पोत."

मडकी बाजाराला जातात तसा दादा पेंढ्यात आडवा होऊन गेला. सगळी वाट तो बायकोला बोलत होता. घर बुडवलंस, वैरीण आहेस, तुझ्या बापाने मला फसवलं. वहिनी त्याचं डोकं मांडीवर धरून बसली होती. शिव्या येत होत्या तोवर तिला धीर होता. मधे एकदा तो गप्प झाला तेव्हा तिनेच त्याला डिवचलं, "मडकीही वाकडीच होती तशी." तो पुन्हा सुरू झाला.

दवाखान्यातली डॉक्टरीण अंगाने काडी, पण आवाज रेतीच्या गाडीवरच्या मुकादमाचा. पाय बघितला आणि तिने बसायलाही सांगितलं नाही. दोन्ही हातांत सलाईन लागल्या, सुया लागल्या. साखर मोजायच्या मशीनने आकडाच दाखवला नाही, हात वर केले. रक्तदाब घेणारी नर्स दोनदा पट्टा बांधून तिसऱ्यांदा बांधायला लागली. डॉक्टरणीने खिशातून पेन काढलं आणि नडगीवर लाली जिथे संपत होती तिथे गोल रेघ मारली.

"हे वरचं दिसतं ते काहीच नाही," ती वहिनीला म्हणाली. "कातडी आणि मांसाच्या मधे एक पडदा असतो. त्या पडद्यातून सड पळत चाललीय. तिथे रक्त पोचत नाही, म्हणून नुसतं औषध पोचत नाही. मेलेलं सगळं उघडून काढायला लागेल."

"कधी?"

"आत्ता. सामान लावायला सांगितलंय."

"पाय?"

"आत गेल्यावर कळेल. पाऊल राहील असं वाटत नाही. मी पाय वाचवायला नाही चाललेय बाई, माणूस वाचवायला चाललेय."

दादाने ऐकलं होतं. तापाने फणफणलेला होता, तरी शुद्धीत होता. "हात लावायचा नाही," तो म्हणाला. "पट्टी करा, औषध द्या, घरी सोडा."

"घरी सोडलं तर तुम्ही उद्या नसाल."

"नसेन तर नसेन. तंगडी तोडून कुंभार ठेवता? त्याला काय कोपऱ्यात मांडायचं? बाई, मातीतला खडा पायाने काढतात. तो पाय तुम्ही मागताय."

डॉक्टरीण वहिनीकडे वळली. आवाज खाली आणला. "शुद्धीत आहेत तोवर त्यांनी नाही म्हटलं तर मला कापता येत नाही."

"मग शुद्ध जाईपर्यंत थांबायचं?"

"तेव्हा मी कापून उपयोग होणार नाही." तिने पेनचं टोक नडगीवर टेकवलं. लाली मघाची रेघ ओलांडून बोटभर वर आली होती.

वहिनी त्या रेघेकडे बघत राहिली. कच्च्या मडक्याचं बूड ओल्या जमिनीवर टेकलं की ओल अशीच चढते. तोंडापर्यंत आली की मडकं बसतं. तिथे उभ्या उभ्या तिला कळलं की खरं सांगण्याचा हा दगड उचलायचा तर आपल्यालाच उचलायला लागेल, आणि तो नवऱ्याच्या छातीवरच टाकायला लागेल.

ती खाटेशी गेली. "खडे तुमचा पाय नाही काढत," ती म्हणाली. "मी काढते."

"काय?"

"गेल्या वर्षी मडकी फुटली तेव्हापासून. तुम्ही दुपारी झोपलात की मी ढिगात हात घालते. डबाभर निघालेत. पेटीमागे ठेवलाय."

दादाने धाकट्याकडे बघितलं. धाकटा छताकडे बघायला लागला. त्यालाही माहीत नव्हतं, पण दादाला ते कुठे ठाऊक.

"खोटं बोलतेस."

"खापर लागलं तेव्हा कळलं तुम्हाला? मी माती फोडली, कातडी निघाली, कळलं? तो पाय केव्हाच मेलाय. मी वर्षभर त्याच्यावर पांघरूण घालत होते. ती माझी चूक. पण मेलेल्या पायाबरोबर जिता माणूस नाही जाऊ देणार मी. मला काय वाट्टेल ते म्हणा."

दादाचे ओठ हलले. शिवी आली नाही, आणि वहिनीला पहिल्यांदाच भीती वाटली. गल्लीभर मिरवलेला पाय, शिंपिणीसमोर मारलेल्या फुशारक्या, भिंतीवर भिरकावलेले खडे, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. त्याने मान भिंतीकडे वळवली.

"कापा," तो डॉक्टरणीला म्हणाला. "आणि हिला माझ्यासमोरून न्या. मी उठेन तेव्हा ही दिसली नाही पाहिजे."

"तुम्ही उठा तर आधी," डॉक्टरीण म्हणाली, आणि खाट हलली.

बाकावर धाकट्याने विचारलं, "वहिनी, खरंच डबा आहे?"

"आहे."

"मग मला तरी सांगायचं."

"तुम्हाला सांगितलं असतं तर शिंपिणीला कळलं असतं."

त्याने विचार केला आणि म्हणाला, "ते आहेच."

डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा तिची पाठ घामाने भिजली होती. पाऊल गेलं होतं. पोटरीचं मांसही बरंच काढायला लागलं होतं. "उद्या पुन्हा उघडून बघणार. आज जिवंत दिसतं ते उद्या मेलेलं निघतं. लागलं तर आणखी काढणार."

"मी आधीच बोलले असते तर?" वहिनीने विचारलं.

डॉक्टरीण थांबली. खोटा धीर द्यायचा तिला कंटाळा असावा. "तर पायाकडे रोज कुणीतरी बघितलं असतं," ती म्हणाली. "पण आज बोललात. आता चहा प्या. उद्या तुम्ही पडलात तर माझ्याकडे खाट नाही."

दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली पाय काढला. त्यानंतरही जखम उघडीच ठेवली होती, धुवायची, बघायची, पुन्हा बांधायची. ताप उतरला. नर्सने पट्टा बांधला आणि एकदाच बांधला. मशीन आकडे दाखवायला लागलं.

दादा जगला, पण बायकोशी बोलेना. खोलीत तिघंच असली तरी धाकट्यामार्फत.

"तिला सांग, पाणी."

"वहिनी, पाणी."

"तिला सांग, एवढं नको."

"दादा, ती इथेच आहे, मुका तू झालायस, बहिरी ती नाही झाली."

वहिनी पाणी द्यायची. खाटेखालचं भांडं घ्यायची, द्यायची, तो भिंतीकडे बघायचा. पोटात सुई टोचायला तिला नर्सने शिकवलं. पहिल्यांदा तिने सुई टेकवली आणि मागे घेतली. दादा भिंतीला म्हणाला, "वर्षभर चोरून सुया टोचत होती, आता उघड टोचायला काय झालं."

"तेव्हा तुमची पाठ होती," वहिनी म्हणाली. "आता पोट आहे. पोट जास्त आहे."

धाकटा हसला. दादा हसला नाही, पण पोट हललं.

मांडीची कातडी काढून जखमेवर लावली, ती धरली, आणि ते घरी आले. रचलेली भट्टी पावसाने बसून गेली होती. मडक्यांवर मडकी, सगळी एकमेकांच्या गळ्यात पडून चिखल झाली होती. धाकट्याने फावड्याने ओढून त्याचा ढीग अंगणात घातला होता. कच्च्या मडक्याचं एक बरं असतं, ते मेलं तरी माती राहते.

त्याच आठवड्यात एक माणूस चाक मागायला आला. हॉटेल काढत होता. दारात शोभेला जुनं चाक हवं होतं. "आता तुम्हाला तसाही काही उपयोग नाही," तो चांगल्या मनाने म्हणाला.

दादा कुबडीवर उठून उभा राहिला. "पायपण हवाय का शोभेला? दवाखान्यात विचारून बघा, टाकला नसला तर देतील."

माणूस गेला. दादा मग धाकट्याला म्हणाला, "तिला सांग, डबा आण."

वहिनीने पेटीमागचा डबा आणला. दादाने तो उंबऱ्यावर उपडा केला. पांढरट खड्यांचा ढीग झाला. काही वाटाण्याएवढे, काही बाजरीएवढे. त्याने त्यांच्यातून बोटं फिरवली. हे सगळे त्याच्या पायाखालून गेले होते.

"हा केवढा आहे," तो एक खडा उचलून म्हणाला. "हासुद्धा नाही कळला?"

"त्याच्यावर तुम्ही दोनदा उभे होतात," वहिनी म्हणाली.

मशीन थांबलं होतं. शिंपीण दारात आली होती. दादाने कुबडीने अंगणातल्या ढिगाकडे दाखवलं.

"उतर."

"कोण?"

"तूच. चोरून करत होतीस ना? आता दिवसाढवळ्या कर."

"या घरात बाई..."

"या घरात काय ते मी सांगायचं. बापाला काही विचारायचं असेल तर मी वर गेल्यावर विचारीन. तू अजून जाऊ देत नाहीस."

वहिनीने पातळ खोचलं, मातीत पाय टाकला. थंड, घट्ट, पायाला धरून ठेवणारी. तिला जमेना. दादा कुबडीने जमिनीवर ठेका द्यायला लागला, आपला जुना, डावा जड, उजवा हलका.

"ठेका चुकतोय तुझा."

"चुकू दे. पाय माझे आहेत."

दादाने दोनचार वेळा आपलाच ठेका रेटून बघितला. ती ऐकेना. मग कुबडी जरा थांबली, आणि तिच्या पायामागून चालायला लागली. वहिनी मधेच थबकली. टाचेखाली काहीतरी बोचलं होतं. तिने वाकून खडा काढला आणि दादाच्या दिशेने टाकला. तो उंबऱ्यावर आपटला.

ऊन कलल्यावर ती बाहेर आली तेव्हा गल्लीतली बरीच माणसं उगाच काहीतरी काम काढून दारात उभी होती. दादा उंबऱ्यावर बसला होता. शेजारी पाण्याची बादली आणि फडका.

"बस. पाय दाखव."

"काही नाही झालं मला."

"मीही हेच म्हणालो होतो. दाखव."

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत."

त्याने तिचा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला, राहिलेल्या पायाच्या. पाणी ओतलं. माती सुटत गेली. टाच, तळवा, एकेक बोट फाकवून बेचका, अंगठ्याने दाबत, डोळ्याजवळ नेऊन.

समोर कुणीतरी खुसखुसलं. धाकटा टेम्पोला टेकून म्हणाला, "दादा, गल्लीत काय तोंड दाखवू मी? भाऊ बायकोचे पाय धुतो."

दादाने मान वर केली नाही. "हसा," तो म्हणाला. "हसून झालं की घरी जा आणि आपापले तळवे बघा." मग वहिनीच्या करंगळीशी त्याचं बोट थांबलं. बारीकसा ओरखडा होता. "इथे दुखतंय?"

"दुखतंय," वहिनी म्हणाली.

"बरं झालं," दादा म्हणाला. "दुसरा पाय आण."